घर दाखवायच्या दिवशी मी गेलो

माणूस ओळखावा तर मी! उभी नोकरी हेडमास्तरकीत गेली. दारातून आत येणाऱ्याची चप्पल काढायची पद्धत पाहूनच मी सांगतो, की हा दर महिन्याला किराया देईल की दर महिन्याला आजी वारल्याचं सांगेल. आमच्या अमरावतीत घर किरायानं देणारे पुष्कळ आहेत, पण पारखून देणारा उत्तमराव एकच, असं मीच लोकांना सांगत असतो.

आमची आकांक्षा लग्न होऊन अकोल्याला गेली आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. आमची सुभद्रा रोज झाडू घेऊन वर जायची आणि लाल डोळे घेऊन खाली यायची. "धूळ लय साचते वर," म्हणायची. शेवटी मीच ठरवलं, खोल्या किरायानं द्यायच्या. निदान ती धूळ तरी दुसरं कोणी झाडेल!

खुशालराव दलालाला बोलावलं आणि बजावलं, "एक-एक पार्टी पाठवा. एक गेली की दुसरी. मी प्रत्येकाची मुलाखत घेणार."

"सर, तुमी खोल्या देऊन राहिले का कलेक्टर नेमून राहिले?"

मी तिकडं दुर्लक्ष केलं. माझ्या अटी पक्क्या होत्या. माणूस निर्व्यसनी, बाई शांत, पोर असेलच तर न रडणारं, पाहुणे असतील तर न येणारे. आणि आडनाव. ते मी नीट ऐकून घेणार होतो. आता जातीचा प्रश्न कोणी सरळ तोंडावर विचारत नाही. 'गाव कोणतं, गावात घर कोणत्या अंगाला, तिकडचे अमुक तुमचे कोण,' असं गोल-गोल फिरत जायचं असतं. मला ती वाट तोंडपाठ होती.

रविवारी सकाळी खुशालरावानं तिन्ही पार्ट्या एकदमच पाठवल्या!

खुर्च्या पुरेनात म्हणून पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. एक बँकेतलं जोडपं, एक एकटे जाडजूड गृहस्थ आणि एक तरुण नवरा-बायको. पाचही जण एकमेकांचे प्रतिस्पर्धी! कोण कोणाशी बोलेल? सगळे माना खाली घालून, न्यायाधीश यायच्या आधी आरोपी बसतात तसे बसले. मुलाखत सुरू करणार तोच आतून सुभद्रा म्हणाली, "अवो, दूध नाई पुरत चहाले!"

मी दुधाची डोलची उचलली आणि निघालो. फोन चार्जिंगला लावलेला, तो तसाच राहिला.

यापुढचं मी तिथं नसताना घडलं, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

सुभद्रानं ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या. असा ठसका उठला की बाहेर पाचही उमेदवारांच्या डोळ्यांना धारा लागल्या! बँकवाली बाई पदरानं नाक पुसतेय, जाडजूड गृहस्थ रुमालात तोंड घालून गदगदा हलताहेत. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या पार्बताबाई विरजण मागायला आल्या. दारात चपलांचा ढीग. आत सतरंजीवर अनोळखी माणसं, माना खाली, डोळे पुसताहेत. आणि माझा पत्ता नाही!

पार्बताबाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "सुभद्राबाई... भाऊ कुठं हायेत?"

आतून खोकत-खोकत उत्तर आलं, "ते गेले!"

"अगं माय! कवा?"

"आत्ताच. चहा ठेवला, अन् गेले!"

पार्बताबाईंनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून चौकातले रिक्षावाले उठून उभे राहिले म्हणतात. "उत्तमभाऊ गेले वोऽऽ!"

सुभद्रा हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आली. तिला काय कळणार? मी डोलची घेऊन रस्त्यावर गेलेलो, आणि रस्त्याकडून आलेली पार्बताबाई रडून सांगतेय की मी गेलो! तिला वाटलं, चौकात एखाद्या ट्रकनं मला उडवलं आणि ही पाहून आली. ती मटकन खालीच बसली. ती बसली तशी पार्बताबाईंची उरलीसुरली शंकाही मिटली.

दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली! कोणी पाणी आणलं, कोणी बांबू कुठं मिळतील ते विचारून आलं. पार्बताबाईंनी माझाच फोन चार्जिंगवरून काढून आकांक्षाला लावला. "पोरी, जशी हायेस तशी निघ. बाबा गेले."

बँकवाल्या जोडप्यानं गुपचूप चपला शोधल्या आणि पळ काढला. जाडजूड गृहस्थ मात्र थांबले. त्यांनी पार्बताबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आता खालचा बी मजला खाली होईन काय?"

राहिलं ते तरुण जोडपं. त्यातल्या मुलीनं, रश्मीनं, सुभद्राचं डोकं सरळ आपल्या मांडीवर घेतलं. पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. सुभद्रा तिचा हात धरून एकच घोकत होती, "भांडलेच नाई वो मी आज त्यायच्याशी... मंग काहून गेले?" आणि रश्मीच्या नवऱ्यानं, सुगतनं, इतक्या गर्दीत कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला.

"पण गेले कुठं? कोणं पायलं त्यायले?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीच पाहिलं नव्हतं!

"काकू, ते निघाले कुठं होते?"

"दुधाले..."

"माही मान खाली होती, नीट पायलं नाई. ओळखाचं कसं?"

सुभद्रा हुंदके देत म्हणाली, "हातात डोलची असंन. अन् ते कोणाशी तरी वाद घालत असतीन."

मी खरोखरच डेअरीवर वाद घालत होतो! दुधात पाणी की पाण्यात दूध, या विषयावर मी त्या माणसाचा तास घेत होतो. एवढ्यात एक मोटरसायकल करकचून थांबली. सतरंजीवरचा मघाचाच पोरगा, सुगत.

"काका, तुमीच ना उत्तमराव? बसा लवकर."

"अरे, पण अर्धंच दूध घेतलंय—"

"दूध राहू द्या. घरी तुमी वारले!"

मी मागे बसलो. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. सुभद्राचं काय झालं असेल, आकांक्षा रस्त्यात कशी असेल... आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, इतकं होऊनही सवय सुटली नाही. त्याच्या खांद्याला घट्ट धरून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आडनाव काय म्हणाला तुझं?"

"वानखडे."

आता वानखडे आमच्या वऱ्हाडात सगळ्या जातींत असतात! "हो का? गाव कोणतं? गावात घर कोणत्या अंगाले?"

गाडीचा वेग थोडा कमी झाला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"काका, आमी बौद्ध आहो. हे सातवं घर पाहून राहिलो. तुमी सरळ इचाराचं ना. आता इथंच उतरता, का घरी येता?"

वारा सुटला होता, तरी मला कानशिलं तापल्याचं जाणवलं. डोलचीतलं दूध डचमळून त्याच्या पाठीवर सांडत होतं.

"घरी चल, बापा," मी म्हणालो. एवढंच जमलं.

फाटकातून आत शिरलो तर एक म्हातारबा मला म्हणाले, "या, बसा. लय चांगला माणूस होता." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच खाली बसले!

सुभद्रानं डोळे उघडले. रश्मीच्या मांडीवरून उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, दोनदा फिरवला. आणि मग सगळ्या गल्लीसमोर ओरडली, "कुठं मेले होते इतका वेळ!"

आकांक्षाला फोन लावून माझा आवाज ऐकवायला सुगतनंच सुचवलं. ती तोवर मूर्तिजापूर ओलांडून आली होती. "बाबा, तुम्हीच बोला, बोलतच राहा," म्हणत ती अमरावतीपर्यंत आली, आणि मी वाटेत काय बोलू ते सुचेना म्हणून डेअरीवाल्याची पूर्ण तक्रार तिला ऐकवली. घरात शिरल्यावर ती माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की पार्बताबाईंना पुन्हा हुरूप आला.

दुपारी सगळ्यांनी भाकरी आणि तोच ठेचा खाल्ला. सुभद्रानं रश्मीला आपल्या ताटाशेजारी बसवलं. आकांक्षा तिला वरच्या खोलीतली आपली खिडकी कशी अडकते ते सांगत होती. मी घसा साफ केला, उभा राहिलो आणि जाहीर केलं, "मी विचारपूर्वक ठरवलं आहे. खोल्या तुम्हाला दिल्या!"

रश्मीनं सुगतकडे पाहिलं. सुगतनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"काका, आमचं अजून ठरलं नाई. आमी इचार करून सांगतो."

"म्हणजे?"

"म्हणजे... इथं रोजच असं होते काय?"

सुभद्रा पदर तोंडाला लावून हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा!

मग सुरू झालं वाट पाहणं. सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन वाजला की मी झडप घालायचो. सुभद्रा वर जायची, खिडकीला तेल लावून यायची. आयुष्यभर लोकांचे निकाल लावले मी, पण निकालाची वाट पाहणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं!

बुधवारी खुशालरावाचा फोन आला.

"सर, पार्टी तुमची चौकशी करून राहिली. मालक माणूस कसा हाय, म्हणे."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हटलं, स्वभावाची गॅरंटी नाई, पण सध्या तं जिता हाय!"

"अहो, मग काय म्हणाले ते?"

"चालते म्हणे. रविवारी सामान आणून राहिले."