चष्मेवाल्याने पुसलेली गाडी

शुक्रवारी सकाळी चार दिवसांचं मळभ हटलं, लख्ख ऊन पडलं आणि चष्मेवाल्याला दादाच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. त्याने ते फडक्याने झटकलं. जाळं हललं नाही. मग त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पत्र्याला टेकेल इतक्या जवळून पाहिलं. बिचाऱ्या कोळ्याचा काही संबंध नव्हता. रंगावरच हजारो बारीक गोल ओरखडे उठले होते, एकात एक, एकावर एक, बॉनेटपासून डिकीपर्यंत.

"अगं, जरा बाहेर ये!"

बायको हात पुसत बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हे तुम्हीच केलंय."

"मी? मी तर रोज पुसतोय!"

"तेच म्हणतेय मी."

चष्मेवाला पायरीवर मटकन बसला, कारण ते खरं होतं. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, चार महिन्यांसाठी लेकीकडे राहायला गेला होता आणि जाताना गाडीची किल्ली दुकानाच्या काउंटरवर ठेवून "सांभाळ" म्हणाला होता. तो एक शब्द ऐकून चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चार वर्षांपूर्वी वहिनी शेवटच्या आजारात असताना हे धाकटे महाशय काचा घासायचं नवं यंत्र बघायला परगावी गेले होते. दादाचा फोन आला, तर "यंत्र तेवढं बघतो आणि निघतो" म्हणाले, आणि पोहोचले तीन दिवसांनी. वहिनी आदल्याच दिवशी गेली होती. दादा भांडला नाही. भांडला असता तर परवडलं असतं. त्याने नुसतं तोंड मिटलं, आणि त्यानंतर धाकट्याच्या वाट्याला 'हं', 'बरं' आणि 'ठेव तिथं' यापलीकडे काही आलं नाही.

म्हणून 'सांभाळ' हा शब्द त्याने फारच मनावर घेतला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो गाडीपाशी यायचा, भिंगावर सोडतात तशी तोंडाने 'हाऽ' करून पत्र्यावर वाफ सोडायचा आणि चष्म्याच्या फडक्याने गोल गोल पुसायचा. आता चष्म्यावर धूळ असते चिमूटभर. गाडीवर रस्त्याची सगळी रेती बसलेली. ती त्याने चार महिने मनोभावे रंगात घासली होती.

आणि दादा उद्या सकाळी येणार होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पॉलिशचं मशीन, पेस्टचा डबा आणि सल्ला अशा तिन्ही गोष्टी एकदम दिल्या. "एका जागी धरून ठेवू नका. कडांवर तर मुळीच नको, तिथं रंग पातळ असतो. आणि मनासारखं झालं की थांबा."

"मनासारखं झालंय हे कळणार कसं?"

गॅरेजवाल्याने त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "म्हणजे काय? बरं दिसलं की बस्स."

बरं दिसण्यावर समाधान मानणारा माणूस भिंगं घासायच्या धंद्यात पडत नाही. पहिल्या तासात बॉनेटवरचं जाळं गेलं. चष्मेवाल्याने दुकानातला डोळे तपासायचा दिवा आणून त्यावर मारला, तर जाळ्याच्या खाली आणखी बारीक जाळं. तेही काढलं. बॉनेट इतकं चमकायला लागलं की शेजारचा दरवाजा भिकारी दिसायला लागला. म्हणून दरवाजा केला. मग छत फिकं वाटू लागलं. मशीनखालून पेस्टचे पांढरे शिंतोडे उडत होते. ते खिडक्यांच्या काळ्या रबरावर बसून वाळले, आणि दोरीवरच्या बायकोच्या साडीवरही.

"माझी साडी!"

"ती धुता येते. दादा धुता येत नाही," चष्मेवाला म्हणाला. त्याचा चेहरा इतका रडवेला झाला होता की बायकोने साडी तेवढी दोरीवरून ओढून घेतली.

दुपारी चार वाजता बॉनेटच्या कडेवर एक, फक्त एक ओरखडा उरला. चष्मेवाल्याने मशीन तिथे टेकवलं. ओरखडा जाईना. त्याने अजून थोडं दाबून धरलं. ओरखडा गेला. सोबत रंगही गेला. तळहाताएवढा करडा पत्रा टक्कल पडल्यासारखा उघडा पडला.

"आता?" बायको म्हणाली.

आता काय! हात दाखवून अवलक्षण झालंच होतं. चष्मेवाला घरात गेला आणि बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी घेऊन आला. त्याने ते टक्कल मन लावून काळं केलं. दुरून, डोळे बारीक करून आणि गाडीबद्दल मनात फार प्रेम असेल, तर ते दिसत नव्हतं.

शनिवारी नऊ वाजता दादा टॅक्सीतून उतरला. वाळला होता. गाडी उन्हात आरशासारखी उभी होती आणि चष्मेवाला बूटपॉलिशच्या डागासमोर हात मागे बांधून पहारेकऱ्यासारखा. दादाने त्याच्याकडे पाहिलं नाही, चकाकीकडेही नाही. तो सरळ वळसा घालून डाव्या दरवाजाशी गेला आणि हँडलच्या मागच्या खोलगट जागेत चार बोटं घातली. थांबला. पुन्हा चाचपलं.

"इथले कुठे गेले?"

तीन शब्द! चष्मेवाला हरखला. "ओरखडे ना? तेही काढले, दादा! तिथं मशीन जात नाही. अंगठ्याने घासले. एक तास लागला."

दादा बोटं तशीच ठेवून उभा राहिला. मग हळू म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या अंगठीचे होते ते. अकरा वर्षं याच बाजूला बसायची."

चष्मेवाल्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. कुणी नीट लक्षात ठेवावेत असे सगळ्या गाडीत तेवढेच चार ओरखडे होते, आणि ते त्याने सगळ्यांत मन लावून पुसले होते.

"दादा, मला..."

"अक्कल आहे का तुला?" दादा एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरच्या घराची खिडकी उघडली. "लहानपणापासून बघतोय! ज्याला हात लावशील त्याची वाट लावशील! सांभाळ म्हटलं होतं, घास म्हटलं होतं का? आणि हे काय आहे? बूटपॉलिश? गाडीला बूटपॉलिश?"

"हो, दादा."

"दोन दिवस! दोन दिवस ती विचारत होती, भाऊजी निघाले का, भाऊजी निघाले का. काय सांगू मी तिला? काचा घासतोय म्हणून सांगू?"

"चुकलो मी, दादा," चष्मेवाला म्हणाला. चार वर्षं हे वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं आणि ते म्हणायला जागाच मिळत नव्हती. "फार चुकलो."

"चुकलास काय! गाढव आहेस तू!" दादाचे डोळे वाहत होते, पण आवाज काही खाली येईना. शाळेतली मोडलेली सायकल निघाली, वडिलांचं फुटलेलं घड्याळ निघालं. बायकोने दोनदा चहा आणला आणि दोनदा परत नेऊन गरम केला. तिसऱ्यांदा मात्र तिने धीर करून कप पुढे केला. दादाने घोटभर घेतला आणि गरम कप तसाच बॉनेटवर टेकवला. चष्मेवाल्याचा हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे गेला.

"खबरदार पुसशील तर!"

चष्मेवाल्याने हात मागे घेतला आणि मान खाली घालून ऐकत राहिला. मध्येच दादा श्वास घ्यायला थांबला. संपलं की काय, या विचाराने चष्मेवाल्याने घाबरून मान वर केली. तेवढ्यात दादाला खिडकीचं पांढरं पडलेलं रबर दिसलं, आणि चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला.