मूळचे टायर

वेंडेलने गाडी घरी आणली तेव्हा मार्लीनने पहिला प्रश्न विचारला, "उरलेली कुठाय?"

प्रश्न रास्तच होता. एकोणसत्तर सालची ती दांडगी आठ सिलिंडरची गाडी पुढची जाळी, मागचा बंपर आणि एक दार कुठेतरी सोडून आली होती.

"लग्नाआधी तुला अशाच गाडीतून तळ्यावर न्यायचो ना? लग्नाच्या वाढदिवसाला पुन्हा नेतो," वेंडेल म्हणाला. मार्लीन विरघळली. कितव्या वाढदिवसाला, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

मग मिशिगनमधला गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचा एकही बाजार वेंडेलने सोडला नाही. भाग मूळचाच हवा, नवा म्हणजे पाप! दार शेजारच्या ओहायोत सापडलं, बंपर कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात. जाळीने अख्खा हिवाळा मार्लीनच्या जेवणाच्या टेबलावर काढला. शेवटी तर हा बाबा श्वास रोखून दाराखाली रंगाचा ओघळ काढत बसला.

"हे काय आणि?"

"कारखान्यात असे ओघळ राहायचे. नसला तर प्रदर्शनात परीक्षक गुण कापतात."

"अरे, तूच होतास ना तिथे रंगकामाला? ओघळ राहिला की मुकादम तुला फाडून खायचा!"

"त्याला कुठे अक्कल होती?"

अखेर तो लग्नाचा वाढदिवस उजाडला, आणि तळ्याकाठचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शनही नेमकं त्याच दिवशी. मार्लीन नवा झगा घालून, तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन बाहेर आली. बघते तर गाडी ट्रेलरवर आणि ट्रेलर पिकअपच्या मागे.

"टायर मूळचे आहेत गं. रस्त्याला लागले की संपलं! तू पिकअपमध्ये बस. गाडी आहेच की मागे."

"मला दोरीने बांधलं नाहीस, हेच नशीब!" तिने दार आपटलं. फार लागलं होतं तिला.

तळ्याकाठी वेंडेलने गवतावर गालिचा अंथरला, दोर सोडले. "सावकाश उतरव हं, बरोब्बर गालिच्यावर. मी खालून बघतो."

मार्लीन ट्रेलरवरच्या गाडीत बसली. इंजिन गुरगुरलं. गाडी उतरली, गालिच्यावरून गेली आणि थांबलीच नाही. फाटकातून थेट डांबरी रस्त्याला!

"टायर! अगं, टायर!" पोट सांभाळत वेंडेल मागे धावला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं.

वळणावर गाडी थांबली. मार्लीनने आतून दार उघडलं. "येतोस, की गुण कापून घेत उभा राहतोस?"

वेंडेल धापा टाकत बसला. रडूच यायचं बाकी होतं. बाजूने तळं सरकू लागलं, खिडकीतून वारा आला. त्याने कोपर खिडकीबाहेर टेकवलं.

"काय गं," अखेर तो कुरकुरला, "मयताला निघालीस का? दाब की जरा!"