अप्पारावांचा टाइम आउट

कमलनगरच्या अप्पारावांची आणि पद्माबाईंची रोजच जुंपायची. शेवटी एकदा त्यांची लेक श्रीदेवी मध्ये पडली. ती शाळेत कबड्डी शिकवायची. तिनं एक हात आडवा, त्याखाली दुसरा उभा धरला नि ओरडली, "टाइम आउट!"

"ही काय भानगड?" अप्पारावांनी विचारलं.

"खेळात दम खायला डाव थांबवतेत, अप्पा. इंग्रजीत घरच्या भांडणातबी म्हणतेत. गप व्हायचं, डोस्कं थंड करून परत यायचं."

अप्पारावांना हे भलतंच आवडलं. बायको जिंकायला लागली की ते हात आडवा-उभा करून अंगणात सटकत आणि नवा मुद्दा घेऊन परत येत. पद्माबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

"तूच शिकवलंस, तूच निस्तर," त्या लेकीला सुनवायच्या.

निस्तरायची वेळ सोयरिकीच्या बैठकीत आली. मन्नाएखेळ्ळीचा मल्लेश श्रीदेवीला मनापासून आवडला होता. सगळं ठरलं होतं, फक्त लग्न कुणाच्या दारात एवढंच अडलं होतं. मल्लेशचे वडील काशप्पा आवाजाला खणखणीत. अप्पारावांचे मुद्दे आटले. त्यांनी सवयीनं हात आडवा-उभा केला आणि उठून थेट गोठा गाठला.

पोरीचा बाप बैठकीतून उठला म्हणजे सोयरीक मोडली, हे तिथं लहान पोरालाही कळतं. काशप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"चला! चहाबी नको ह्या घरचा!"

लाजबीज सोडून श्रीदेवी दारातच आडवी उभी राहिली.

"मावशी, मोडली न्हाई ओ! अप्पा दम खायला गेलेत. म्याच शिकवलंय त्यास्नी." तिनं मल्लेशच्या आईला, लिंगम्मांना, सगळं सांगून टाकलं.

लिंगम्मांचे डोळे चमकले. "म्हंजे हात असा केला की पुढचा माणूस गप बसतोय?"

"बसावंच लागतंय. खेळाचा नियमच हाय."

"कामून बसायलीस? ऊठ!" काशप्पा बायकोवर गरजले.

लिंगम्मांनी शांतपणे हात आडवा-उभा केला. काशप्पांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

"हीच सून पायजे मला," लिंगम्मा म्हणाल्या. "लग्न ना तुमच्या दारी, ना आमच्या. गाणगापूरला करू. पद्माक्का, चहा आणा!"

तेवढ्यात अप्पाराव गोठ्यातून एक जबरदस्त मुद्दा घेऊन परतले. "टाइम आउट संपला! हां, तर लग्न..."

"डावबी संपला," पद्माबाईंनी त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. "तोंड गोड करा."

काशप्पांनी अप्पारावांना हळूच जवळ ओढलं. "सोयरे, माझा टाइम आउट कवा उठतोय ओ?"

अप्पारावांनी समोर पाहिलं. लिंगम्मा नि पद्माबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि हात नीट कसे धरायचे ते श्रीदेवी दोघींना शिकवत होती.

"आता न्हाई उठत," अप्पाराव पुटपुटले आणि गुपचूप साखर खाऊ लागले.