वसाहतीचे सर्वसंमत नाटक

ज्या नाटकाला लेखक असतो, ते पडले की त्या लेखकाला चारचौघांत तोंड दाखवता येत नाही. असा अन्याय कोणावरच होऊ नये, म्हणून २००५ च्या गणेशोत्सवात आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावच्या आमच्या मराठी मंडळाने लेखकाशिवाय नाटक बसवायचे ठरवले. विषय : आपल्या वसाहतीतले रोजचे जगणे. प्रत्येकाने अनुभव आणायचे, सगळ्यांनी मिळून प्रसंग रचायचे, आणि ज्याला त्यात आपले घर ओळखू येईल त्याने तो प्रसंग खुशाल कापायचा. (हे शेवटचे कलम माझे. कोणी आभार मानले नाहीत.)

अनुभव भरपूर आले. त्यातला एकही आणणाऱ्याच्या स्वतःच्या घरचा नव्हता. भार्गवीने पार्किंगचे भांडण आणले, ते मुकुलने कापले. मुकुलने पाहुण्यांची बेल वाजताच दिवे मालवून गप्प बसणारे कुटुंब आणले, ते तीन कुटुंबांनी एकदमच कापले. फोडणीच्या वासाबद्दल आयरिश शेजारणीने केलेली तक्रार सर्वांनाच लागू असल्याने एकमताने गेली. अशा रीतीने नाटक उत्तरोत्तर निर्दोष होत गेले.

अडचण एकच आली. मुकुलच्या आई पद्मिनीबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांना घरी एकटे ठेवायला नको, म्हणून मुकुल त्यांना तालमीला आणी आणि कोपऱ्यात एकटे बसवी. एकदा त्या उठून म्हणाल्या, "माझं एक वाक्य घ्या न बाप्पा. इथं दिवसभर मी भिंतीसोबतच बोलून राहिली. तेवढंच म्हणते."

"आई, प्लीज," मुकुल म्हणाला. "लोकांना वाटेल, आम्ही तुझ्याकडे बघत नाही."

घर ओळखू आल्यामुळे वाक्य नियमानुसार कापण्यात आले. त्या परत खाली बसल्या तेव्हा मला गलबलून आले, पण नियम म्हणजे नियम. भरपाई म्हणून त्यांना भूमिका दिली : भिंतीजवळची बाई (अबोल).

प्रयोगात सगळे आळीपाळीने दारात येत, "कसं चाललंय?" विचारत, इथल्या रीतीने "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणत आणि आत जात. (एवढाच प्रसंग कोणी कापला नव्हता.) शेवटच्या "कसं चाललंय?"ला मात्र भिंतीजवळून उत्तर आले. तेच वाक्य, मुलाकडे बघून. मुकुलने आपले पुढचे "ग्रँड" कापले आणि तो आत गेला.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किती नैसर्गिक अभिनय, म्हणत सगळे पद्मिनीबाईंच्या पाया पडले. भार्गवीने डोळे पुसले. पद्मिनीबाई नागपूरला परत जाईपर्यंत त्यांच्याकडे गप्पा मारायला कोणी गेले नाही, कारण एवढ्या मोठ्या कलावंताचा वेळ कसा घ्यायचा, हा सर्वांनाच संकोच.

अभिनयाचे मला थोडेफार कळते. मघाशी आतल्या खोलीतून तुम्हाला काहीतरी विचारले गेले, तेव्हा या पानावरची नजर न उचलता तुम्ही "हं" म्हणालात ना, तेही फार नैसर्गिक वठले.