माल्सुनबाईंचा खारट मुळा

लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर देजॉनला राहून माल्सुनबाई संध्याकाळच्या गाडीने गुनसानला परतल्या आणि दारात बूट काढता काढता नवऱ्याला म्हणाल्या, "शेवाळाचं सूप मला आता चित्रातसुद्धा दाखवू नका."

बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप द्यायचं असतं, आणि पातेलं मोठं असल्यामुळे बाळंतिणीच्या आईलाही तेच प्यावं लागतं. इकडे ब्योंगहो महिनाभर हाडांचं सूप पीत होते. जाताना बाईंनी ते भलंमोठं भांडं भरून करून ठेवलं होतं आणि उरलेलं गोठवून ठेवलं होतं. नवराबायको दोन गावांत एकाच दुःखात होते म्हणायला हरकत नाही.

"मुळा खायचाय मला," खालून तापवलेल्या गरम फरशीवर आडवं होत माल्सुनबाई म्हणाल्या. "लालभडक, कुरकुरीत. गरम भातावर घालायचा आणि कालवायचा. उद्या उठले की करते." आणि वाक्य संपतंय तोवर त्यांना झोप लागली.

ब्योंगहोंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. ते बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. स्वैपाकघरात त्यांचं येणंजाणं पाणी पिण्यापुरतंच होतं. पण झोपेतही बायकोच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ती बघून त्यांना वाटलं, मुळ्याच्या चार काड्या कापायच्या आणि तिखट लावायचं, त्यात एवढं काय आहे?

सकाळी बाई अजून झोपलेल्या होत्या. ब्योंगहोंनी बाल्कनीतला एक मुळा उचलला. समोरच्या घरातल्या थेवोनच्या आईने शेतावरून पोतंभर मुळे आणले होते, त्यातले काही ती इथे ठेवून गेली होती. मुळा कापून होईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पुढे प्रश्न उभा राहिला. त्यांची आई मुळ्याला आधी मीठ लावून ठेवायची. बायको मीठ लावत नसे, ती थेट मासळीचा सॉस घालायची. आईचं खरं की बायकोचं? ब्योंगहो कुणाचं मन दुखावणारे नव्हते. त्यांनी दोन्ही केलं. मीठ लावल्यावर मुळा धुऊन पिळायचा असतो, हे मात्र आईने कधी त्यांच्यादेखत केलं नव्हतं.

त्यांनी एक काडी तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं.

खारट झालं तर मुळा वाढवावा, हे कुणालाही सुचेल. त्यांनी दुसरा मुळा कापला. तेव्हा रंग फिका पडला, म्हणून तिखट घातलं. मग तोंड पोळायला लागलं, म्हणून कच्च्या आलूबुखाराचा मुरलेला पाक ओतला. ते मिठाईसारखं लागायला लागलं, म्हणून परत मासळीचा सॉस. वाडग्यातला मुळा पातेल्यात गेला, पातेल्यातून हिवाळ्याची किमची, म्हणजे आंबवायचा तिखट कोबी, कालवायच्या लाल रबरी टबात गेला, आणि बाल्कनीतले मुळे संपले.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. ब्योंगहोंनी एप्रन काढून भिरकावला, हात कोपरापर्यंत धुतले आणि दार उघडलं. मुगाच्या धिरड्यांचा डबा घेऊन थेवोनची आई उभी होती.

"भाऊजी, ताई आल्या म्हणे काल! हे घ्या, गरम आहेत. डबा मात्र लगेच द्या हं, एवढाच आहे."

त्या इमारतीत कुणाचा डबा रिकामा परत करायची पद्धत नव्हती. धिरडी काढून घेऊन ब्योंगहो स्वैपाकघरात रिकामा डबा हातात धरून उभे राहिले. घरात हाडांचं सूप आणि मुळा, याखेरीज काही नव्हतं. सूप डब्यातून गळलं असतं.

"अगंबाई, मुळा!" थेवोनची आई झाकण उघडून म्हणाली. "आल्या आल्या ताईंनी हातात सुरी घेतलीसुद्धा?"

ब्योंगहोंच्या वयाचा माणूस त्या इमारतीत एप्रन बांधत नसे. "हो, तिनेच," ते म्हणाले. "तिला काही राहवत नाही."

एकदा म्हटल्यावर तेच पुढे म्हणणं सोपं गेलं. थोड्या वेळाने, इमारतीतल्या ज्येष्ठांच्या बसा-उठायच्या खोलीच्या अध्यक्ष बांगबाई उकडलेली रताळी घेऊन आल्या. त्यांच्या पाठोपाठ तळमजल्यावरच्या मेंगआजी तांदळाच्या वड्या घेऊन आल्या. दोघींचे डबे मुळ्याने भरून गेले. टब काही फारसा उतरला नाही. ब्योंगहोंनी तो बाल्कनीत ओढला आणि त्यावर जुनं घोंगडं टाकलं.

माल्सुनबाई उठल्या आणि बाल्कनीत जाऊन आल्या. "अहो, मुळे कुठे गेले?"

"संपले."

"संपले म्हणजे? कोणी खाल्ले?"

"मीच," ब्योंगहो म्हणाले. "कच्चेच."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि त्या दिवशी दोघांनी हाडांचं सूप प्यायलं.

खाली ज्येष्ठांच्या खोलीत मात्र तिन्ही डबे उघडले गेले होते. तिघींनी चव घेतली आणि कुणीच हसलं नाही. जन्मभर स्वैपाक केलेल्या बाईचा हात मिठाला एकाएकी जड झाला, तर त्याचा अर्थ काय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं," थेवोनची आई हळूच म्हणाली. "आधी मीठ. मग किल्ल्या सापडेनात. मग मीच सापडेना त्यांना."

"माल्सुनला कुणी काही बोलायचं नाही," बांगबाईंनी सांगितलं. "नुसतं जपायचं."

दुसऱ्या दिवशी माल्सुनबाई नातवाचे फोटो घेऊन खाली गेल्या, तर बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी दंडाला धरून बसवलं.

"माल्सुन, आज वार कोणता गं?" बांगबाई एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाल्या.

"बुधवार. का, कॅलेंडर पडलं का भिंतीवरून?"

"नाही, सहज. बरं, शंभरातून सात गेले तर?"

"त्र्याण्णव."

"त्यातून अजून सात?"

"शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. कुठे परीक्षेला बसताय का, बांगबाई?"

बांगबाई अजून बोटांवर बहात्तरपाशीच होत्या. मेंगआजींनी मध्येच माल्सुनबाईंच्या हातात अक्रोड ठेवले. "खा, बाळ. मेंदूला चांगले." थेवोनच्या आईनेही अक्रोड आणले होते. चौकीदाराच्या बायकोने पिशवीभर पाठवले होते. फोटो कुणी नीट बघितलेच नाहीत. बाळाचं नाव मात्र प्रत्येकीने विचारलं, आणि बाईंनी ते बरोबर सांगितल्यावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

निघताना बांगबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघ, परवा अंगणात सगळ्यांची हिवाळ्याची किमची घालायचीय ना. या खेपेला मसाल्याची चव थेवोनची आई बघेल. तू आपली गरम चटईवर बस. गोष्टी सांग आम्हाला."

त्या इमारतीतल्या कोबीला माल्सुनबाईंनी बोट चाटून मान हलवल्याशिवाय मसाला लागत नसे. तरुण बायका लग्न होऊन आल्या, सासवा झाल्या, तरी त्या एका बोटाची वाट बघत उभ्या राहायच्या. अक्रोड घेऊन बाई घरी आल्या.

संध्याकाळी त्यांनी सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं कालवण केलं. चाखलं. परत चाखलं. मग चमचा ब्योंगहोंच्या तोंडासमोर धरला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच होत होतं.

"बघा ना जरा. मीठ बरोबर आहे?"

"छान आहे की."

"छान नको. बरोबर आहे का, ते सांगा." त्यांनी चमचा खाली ठेवला. "अहो, मी काही विसरायला लागलेय का? तुम्हाला दिसत असेल आणि तुम्ही बोलत नसाल, असं तर नाही ना? खरं सांगा. मी रडणार नाही."

ब्योंगहो उठले. बाल्कनीत गेले आणि टब ओढत ओढत स्वैपाकघराच्या दारात घेऊन आले. घोंगडं काढलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ते टबाकडेच बघत होते.

माल्सुनबाईंनी एक काडी तोंडात टाकली, त्या बेसिनपाशी धावल्या आणि दोन पेले पाणी प्यायल्या.

"हे," त्या म्हणाल्या, "हे माझ्या नावावर वाटलंत? बांगबाईंना? मेंगआजींचं ब्लडप्रेशर माहीत आहे तुम्हाला?"

"तू म्हणाली होतीस ना, मुळा खायचाय," ब्योंगहो पुटपुटले.

बाईंनी कालवणाखालचा गॅस बंद केला. "उद्या सकाळी खाली यायचं," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "आणि हेच सगळं त्यांच्यासमोर सांगायचं. एप्रनसकट."

ब्योंगहोंनी सांगितलं. एप्रनसकट सांगितलं. थेवोनच्या आईने डोळे टिपले.

"माझे सासरे असेच म्हणायचे. भात मीच करपवला, मीच. शेवटपर्यंत आम्हाला तसंच सांगत राहिले."

"नाही, पण खरंच मीच केला हो!"

"हो, हो, भाऊजी. तुम्हीच केलात."

"भांडं कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का यांना?" मेंगआजी बांगबाईंच्या कानात म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते रस्त्यावरही ऐकू गेलं.

माल्सुनबाई ताडकन उठल्या. "मग करू दे ना यांना इथेच! तुमच्या डोळ्यांसमोर! मी बाहेर बसते, नाही तर म्हणाल की मीच खुणा केल्या." आणि त्या अंगणातल्या बाकावर, चौकीदाराशेजारी, पाठ करून जाऊन बसल्या.

बांगबाईंनी मुळा आणि पाट पुढे ठेवला. ब्योंगहोंना धीर आला. जन्मभर त्यांना आपल्या हातून काही बिघडेल अशी भीती वाटत आली होती. आज काही तरी बिघडवायचंच होतं, आणि ते आपल्याला जमेल याची त्यांना पक्की खात्री होती. त्यांनी मुळा कापला. ओंजळभर मीठ लावलं. मासळीचा सॉस सढळ हाताने ओतला. हात थरथरत होते. बायका गोल करून बसल्या होत्या आणि प्रत्येकीचे ओठ आवळलेले होते.

"भाऊजी, तीळ नाहीत हो इथे," थेवोनची आई म्हणाली. "वर तुमच्याकडे असतील. आणता?"

ते तिसऱ्या मजल्यावर गेले, तीळ शोधायला त्यांना वेळ लागला, आणि खाली आले. मुळ्यातलं पाणी कमी झाल्यासारखं वाटलं, पण बायकांनी निरागस चेहरे करून बघितल्यावर त्यांनी विचार सोडून दिला. तिखट घातलं, तीळ भुरभुरवले, कालवलं आणि ताट पुढे सरकवलं.

बांगबाईंनी एक काडी खाल्ली. मग दुसरी. "भाऊजी, फार सुरेख झालाय."

"सुरेख?" ब्योंगहोंनी स्वतः खाऊन बघितलं. मुळा गोड होता, कुरकुरीत होता, तिखट जिभेवर येऊन अलगद निघून जात होतं. इतकं चांगलं त्यांच्या हातून आजवर काहीच झालं नव्हतं. आता सगळ्यांना कळलं होतं की या माणसाचा मुळा खारट होत नाही. म्हणजे तो खारट मुळा कुणाचा होता, हेही कळलं होतं.

"माल्सुनला बोलवा," बांगबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

माल्सुनबाई आत आल्या. कुणीच वर बघत नव्हतं. नवऱ्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. बाईंनी बैठक मारली, एक काडी उचलली, आणि त्या सावकाश चावायला लागल्या. चावताना डोळे मिटले.

"थेवोनची आई," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "मुळा तू धुतलास."

"मी? छे हो, ताई!"

"दोन पाण्यांनी धुतलाय आणि पिळलाय. यांना फडकं पिळता येत नाही, मुळा काय पिळणार." त्यांनी आणखी एक काडी घेतली. "आणि बांगबाई, यात खारवलेला जवळा आहे. तुमच्या बरणीतला, इथल्या फ्रिजमध्ये असतो तो. तुमच्याखेरीज कुणी त्यात आलं घालत नाही."

बांगबाईंनी गळ्यातल्या स्कार्फचं टोक नीट केलं.

"आता नाशपती किसून कुणी घातली, ते सांगा. अर्धीच आहे. उरलेली अर्धी कुठेय?"

कोपऱ्यातून मेंगआजींनी हात वर केला. दुसऱ्या हाताने त्या उरलेली अर्धी नाशपती खात होत्या.

"अगं, हात किती थरथरत होते त्यांचे!" बांगबाई एकदम बोलायला लागल्या. "बायकोपायी बिचारा पुरुषमाणूस सगळ्यांसमोर मुळा कापतोय. आणि मीठ तर काय घातलं होतं गं, माल्सुन, देवा रे देवा! म्हटलं, निदान हा मुळा तरी धड होऊ दे. म्हणून जरासं..."

"काय घातलं होतं?" माल्सुनबाईंनी डोळे उघडले.

"मीठ! पोतं उपडं केल्यासारखं! परवाच्या डब्यातल्या..." बांगबाई थांबल्या. परवाच्या डब्यातल्या मुळ्याएवढंच होतं, असं त्यांना म्हणायचं होतं. ते आता प्रत्येकीच्याच ध्यानात आलं, मेंगआजी सोडून. त्या नाशपती खात होत्या.

थेवोनची आई आधी हसली. मग तिला रडू आलं, आणि तिने माल्सुनबाईंचा हात धरून ठेवला. बांगबाईंनी दोनदा घसा खाकरला.

"माल्सुन, उद्या मसाला किती वाजता कालवायचा म्हणतेस?"

"उन्हं आली की. आणि गरम चटईवर?"

"मी बसते," बांगबाई म्हणाल्या. "शंभरातून सात मला जमत नाहीत."

उरलेला मुळा डब्यात घेऊन माल्सुनबाई जिना चढायला लागल्या. मागून ब्योंगहो येत होते. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले.

"म्हणजे माझं असं त्यात काहीच नव्हतं," ते म्हणाले.

"होतं की."

"काय? धुतला तिने, जवळा त्यांचा, नाशपती आजींची."

घरी येऊन बाईंनी मोठ्या वाडग्यात गरम भात घेतला आणि डबा उघडला. ब्योंगहोंनी वाकून बघितलं. डब्यात सगळ्या जाड जाड, बोटाएवढ्या, वाकड्यातिकड्या काड्याच होत्या. मुळा कापला होता तो मात्र त्यांनी एकट्यानेच. बारीक काड्या खाली सोडून बाईंनी या वेचून आणल्या होत्या.

त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. मुळ्याच्या काडीचा काड्कन आवाज झाला. कपाळावरची आठी गेली.

"उद्या पुन्हा करा," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या. "फक्त दाराला कडी लावून."