मल्लूअण्णा जर्मल जोडायला शिकतात

मल्लूअण्णा तांबट कुणाच्या घरी गेले की आधी भांड्यांची विचारपूस करत, मग माणसांची. उंबरा ओलांडला की हात थेट मांडणीकडे. बोट वाकवून हंड्यावर टकटक करायचं, कान तिरपा करायचा आणि निकाल द्यायचा, "बरा हाय. जरा सर्दी झालीय. कल्हई कधी केली होती?" आमच्याकडे आले की त्यानंतर माझ्याकडे वळून, "काय कारकून, कसं चाललंय?"

मी सोलापूरच्या एका गिरणीत कारकून होतो. गोष्ट तीस सालानंतरची. अण्णांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणि दुकानामागेच त्यांचं घर. सकाळी त्यांची हातोडी सुरू झाली की गल्लीतल्या माणसाला गजराच्या घड्याळाची गरज नसे. त्याच सुमारास ॲल्युमिनियमची भांडी बाजारात आली. आमच्याकडे त्यांना सगळे 'जर्मल' म्हणत. हलकी, स्वस्त, चकचकीत. अण्णांना जर्मलचं नाव काढलेलं खपत नसे. माझ्या बायकोनं हौसेनं एक जर्मलचं पातेलं आणलं. अण्णांनी त्यावर टकटक केली, पुन्हा केली, आणि खेदानं मान हलवली.

"पोरी, हे भांडं न्हाय. हे खोकतंय."

त्या दिवशी ते चहाही न घेता गेले. पारूकाकू, त्यांची बायको, दुसऱ्या दिवशी येऊन हसत म्हणाल्या, "मनावर घेऊ नगं. मला बघाया आले तवा माज्याआधी आमच्या घंगाळाला वाजवून बघितलं त्यांनी. घंगाळ आवडलं, म्हणून लगीन झालं."

असे हे अण्णा एके दिवशी मला स्टेशनाजवळच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात दिसले. मी गिरणीतून घरी चाललो होतो. डोळ्यांवर काळा चष्मा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात गॅसची नळी आणि समोर, माझा विश्वासच बसेना, जर्मलचे दोन पत्रे!

कारखाना युसूफ मिस्त्रीचा. वयानं अण्णांच्या मुलासारखा. मोटारीच्या इंजिनाचे काही भाग जर्मलचे असतात, ते तडकले की युसूफ गॅसच्या ज्योतीनं जोडून द्यायचा. अण्णा त्याला 'गुरुजी' म्हणत होते आणि युसूफ लाजून अर्धा होत होता.

"कुणाला बोलू नका, कारकून," अण्णांनी मला दम भरला. "आमच्या हिला तर मुळीच न्हाय."

"पण कशासाठी?"

"धंदा हाय. काळ बदलला की."

मला ते पटलं. तांब्याची गिऱ्हाइकं खरंच कमी होत होती. तेव्हापासून परतताना मी रोज तिथं थांबू लागलो. खरं सांगायचं तर मजा बघायला.

अण्णांचा सारा जन्म धातूचा रंग बघण्यात गेलेला. तांबं तापलं की लाल होतं, मग कुठं थांबायचं ते त्यांचे डोळे सांगत. जर्मल तापूनही पांढरंच राहतं. अण्णा ज्योत धरून वाट बघत बसायचे, पत्रा काही लाल होत नसे, आणि एकाएकी भसकन भोक पडायचं.

"आरं, सांगायचं तरी!" अण्णा पत्र्यावर ओरडायचे.

"चाचा, वो लाल नै होता," युसूफ समजावायचा. "ऊपर देखते रैना. चमक आयी, पानी सरीका दिखा, के तार लगाव और आगे चलो. रुकना नक्को."

पत्रा घासून लख्ख करायचा, मळ काढणारी पांढरी पूड पाण्यात कालवून सांध्याला लावायची, ज्योत तिरपी धरून सांध्यात जर्मलची तार वितळवत जायची. हे सगळं अण्णा नीट करत. फक्त रंगाची वाट बघायची सवय जात नव्हती. एकदा जवळून बघायला वाकले आणि डावीकडची मिशी जळाली. युसूफनं उजवी काढायला वस्तरा मागवला, तर म्हणाले, "हिचा काय गुन्हा?" अर्ध्या मिशीनं गल्लीत फिरले. पारूकाकूंनी विचारलं तर म्हणाले, भट्टीची ठिणगी उडाली.

मग एका दुपारी त्यांचा धीर सुटला. गिरणीला सुट्टी होती, म्हणून मी लवकर गेलो होतो. अण्णांनी जर्मलचा पत्रा ठोकून एका मोठ्या भांड्याचे दोन भाग बनवले होते, वरचा आणि खालचा. ठोककाम असं सुरेख की युसूफ हात फिरवतच राहिला. सांधा जवळजवळ पुरा होत आला आणि शेवटच्या वितीला पुन्हा भोक पडलं. अण्णांनी चष्मा काढला आणि मटकन खाली बसले.

युसूफ हळूच म्हणाला, "चाचा, घागरच होना ना? बाजार में बनी-बनायी मिलती. कायकू इतना तकलीफ?"

"तांबटाच्या बायकोनं बाजारातली घागर वापरायची?" अण्णा उसळले. मग आवाज खाली आला. "सांधे सुजल्यात रे तिचे. तांब्याची घागर उचलवत न्हाय. अर्धीच भरती, दोन डाव जाती. मी दुकानातनं बघतो. ती बोलत न्हाय, मी बी बोलत न्हाय. मी घडवलेली घागर तिला जड झाली, हे तिनं कसं सांगावं?"

युसूफनं भोकाभोवतीचा भाग घासला, पूड लावली आणि चष्मा पुन्हा अण्णांच्या डोळ्यांवर चढवला. या खेपेला तो त्यांच्या मागे उभा राहिला. चमक आली की खांद्यावर फक्त बोट टेकवायचा. अण्णांचा हात पुढे सरकायचा. भोक बुजलं. सांधा ओबडधोबड झाला, गांडुळासारखा, पण पाणी ओतून बघितलं तर थेंब गळला नाही. गरम पाण्यानं सगळी पूड धुऊन काढली, आणि अण्णा घागर धोतराच्या सोग्यात झाकून घरी निघाले. मी बरोबर होतो.

पारूकाकू नळाकडे निघाल्या होत्या. अण्णांनी त्यांच्या हातातली तांब्याची घागर काढून घेतली आणि नवी दिली. काकूंनी सांध्यावरून बोट फिरवलं, मग नवऱ्याच्या अर्ध्या मिशीकडे बघितलं. सगळं कळलं असावं. नळावर जाऊन त्यांनी घागर काठोकाठ भरली आणि कुणाला हाक न मारता कमरेवर घेतली.

अण्णा दारात उभे होते. तोंड दुसरीकडे करून पुटपुटले, "तांब्यातल्यागत गार राहणार न्हाय पाणी."

"नसू दे की," काकू म्हणाल्या, "आज एकाच खेपेत आलं."

आणि आत जाताना त्यांनी घागर जरा कलती केली, तळहातभर पाणी घेतलं, आणि आधी ते अण्णांपुढे धरलं.