व्यंकटराव लाल दिवा विझवतात

वैजापूरला भाचीच्या साखरपुड्याला आपण स्वतः गाडी चालवत जायचं, हे उमाबाईंनी लायसन हातात पडलं त्याच दिवशी ठरवलं होतं. भावाच्या दारात, भावजयीच्या डोळ्यांदेखत, ड्रायव्हरच्या बाजूनं उतरायचं! व्यंकटरावांनी मात्र "निघण्याआधी गाडी एकदा बघून घेतो" असं ठरवलं, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

व्यंकटराव कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. (सर्किट म्हटलं की ते झोपेतूनही उठून बसत. गाडी चालवताना मात्र तिसरा गिअर त्यांनी अजून पाहिला नव्हता.) सकाळी पार्किंगमध्ये त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, तर समोर तेलाच्या कॅनचं लाल चित्र उजळलं.

"उमा, ऑइल प्रेशर शून्य!" ते बाल्कनीकडं बघून ओरडले.

"अहो, इंजिन चालूच कुठंय? चालू करा, जाईल तो दिवा."

"प्रेशर नसताना चालू करू? जाम होईल इंजिन! तुला यातलं कळत नाही."

त्यांनी बॉनेट उघडलं. सेन्सरची वायर काढली, दिवा गेला. लावली, दिवा आला. इतकं शहाण्यासारखं वागणारं सर्किट बघून दुसरा कुणी हात जोडून उठला असता. व्यंकटराव रिक्षा करून नवा सेन्सर घेऊन आले. तरी दिवा आपला लालच. मग मल्टिमीटर आला, मग टॉर्च, मग स्वयंपाकघरातली सांडशी. करंट कुठवर पोचतो ते कळावं म्हणून त्यांनी हेडलाइटही लावून ठेवले. वायर इंच इंच तपासून झाली, तोवर दिवा फिकट होत होत पार विझला.

"सापडला फॉल्ट! उमा, चल लवकर!"

उमाबाई पैठणी नेसून खाली आल्या आणि ऐटीत स्टिअरिंगवर बसल्या. किल्ली फिरवली. गाडी "टक्" म्हणाली आणि गप्प झाली. उमाबाईंचे डोळे भरून आले.

शेजारचे साहेबराव गॅलरीतून सगळं बघत होते. "काका, बॅटरी उतरली ना! सकाळपासून लाइटा चालू हायेत. धक्का मारावा लागंल. काकू, दुसऱ्या गिअरात टाका, मी म्हटलं की क्लच सोडा."

ते खाली आले आणि दोघांनी मिळून गाडी ढकलली. गेटपाशी इंजिन एकदम धडधडलं. लाल दिवा क्षणभर लागला आणि आपणहून गेला. उमाबाईंनी तो पाहिला आणि अॅक्सिलरेटर दाबला.

"अगं, मला घे!" व्यंकटराव मागं धावत सुटले.

"थांबले तर बंद पडेल हो! मुहूर्त टळेल! तुम्ही या मागून!"

व्यंकटराव ग्रीसनं माखलेल्या शर्टात, एसटीत उभ्यानं, वैजापूरला पोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि जेवणाची शेवटची पंगत उठत होती.

"अगंबाई, भाऊजी! वन्सं एकट्या गाडी चालवत आल्या, आणि तुम्ही एसटीनं?" भावजयीनं सगळ्यांसमोर विचारलं.

व्यंकटराव तोंड उघडणार, तोच उमाबाई पदर सावरत म्हणाल्या, "त्यांना गाडीतलं लई कळतं गं. म्हणून मी बसवत नाही."